आईसकट मूल घरात घेणारी सावित्रीमाई



दरवर्षी ३ जानेवारी आली की आमच्या शाळेत सावित्रीमाईंच्या तसबिरीला हार घातला जातो. एखादी चुणचुणीत मुलगी काठाचे लुगडे नेसून, कपाळी आडवे कुंकू लावून पुढे येते. दोन द्वाड पोरे तिच्या अंगावर शेणाचे म्हणून कागदाचे गोळे फेकतात. ती पिशवीतून दुसरे लुगडे काढून दाखवते, टाळ्या पडतात आणि कार्यक्रम संपतो. हा प्रवेश मी स्वतः चार वेळा बसवला आहे, म्हणून कोणाला नावे ठेवत नाही. पण त्या टाळ्यांच्या आवाजात माईंच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग आपण विसरून जातो, असे मला अलीकडे फार वाटू लागले आहे. शाळेत शिकवणारी सावित्री आपण मुलांना सांगतो. घराचे दार उघडून पोटुशा बाईला आत घेणारी, तिचे बाळंतपण करणारी, तिच्या लेकराला छातीशी धरणारी सावित्री आपण सांगत नाही. एवढ्या लहान मुलांना हे कसे सांगावे, असा संकोच शिक्षकांना वाटत असावा. मलाही वाटत होता. परंतु हे पाक्षिक घरातली मोठी माणसे वाचतात, तेव्हा येथे संकोचाचे कारण नाही.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. वयाच्या नवव्या वर्षी, १८४० साली, पुण्याच्या गोविंदराव फुल्यांच्या धाकट्या मुलाशी त्यांचे लग्न झाले. नवरा तेरा वर्षांचा. जोतीराव वर्षाचेही धड नव्हते तेव्हा त्यांची आई चिमणाबाई वारल्या. त्या पोरक्या लेकराला वाढवले ते सगुणाबाईंनी. सगुणाबाई त्यांची मावसबहीण, बालविधवा. त्या एका मिशनरी साहेबाच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत आणि तेथे पाहिलेले शिक्षणाचे महत्त्व त्यांनी या घरात आणले. म्हणजे पुढे ज्या घराने परक्यांची लेकरे सांभाळली, त्या घराचा धनी स्वतःच दुसऱ्या बाईच्या हातून वाढलेला होता. हे ध्यानात ठेवावे, कारण उपकार कसे फेडायचे असतात हे काही माणसे बोलून दाखवीत नाहीत, करून दाखवितात.

१८४८ साली बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई शिक्षिका झाल्या. तो इतिहास आपणास ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी सनातन्यांच्या दडपणाला भिऊन गोविंदरावांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडलेल्या या जोडप्याला उस्मान शेख यांनी आपल्या घरात आसरा दिला, असे चरित्रकार सांगतात. त्यांच्या घरातील फातिमा शेख यांचा उल्लेख सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात आला आहे. बेघर होणे म्हणजे काय आणि परक्याच्या उंबऱ्यावर उभे राहताना पाय कसे जड होतात, हे माईंनी विसाव्या वर्षाच्या आत अनुभवले होते. ज्याने कधी दार ठोठावले नाही त्याला दार उघडण्याची किंमत कळत नाही.

१८५२ पर्यंत मुलींच्या तीन शाळा उभ्या राहिल्या. महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या आणि त्यातलीच मुक्ता साळवे ही मांगाची चौदा वर्षांची पोर १८५५ साली आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहून गेली. हे सगळे चालू असताना पुण्यात घरोघरी दुसरेच एक दुःख दाराआड कुजत होते. त्याकडे आता वळू.

ब्राह्मण आणि त्यांच्यासारखे वागणाऱ्या उच्च जातींत त्या काळी मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की लग्न होई. नवरा कधी तिच्याहून वीस, तीस, चाळीस वर्षांनी मोठा. तो मेला की पोर जन्मभर विधवा. तिचे केस काढायचे, तिला लाल आलवण नेसवायचे, एकवेळ जेवायला घालायचे आणि राबवून घ्यायचे. आपल्याकडे, माळी-कुणब्यांकडे, महार-मांगांकडे विधवेला पाट लावण्याची, मोहतूर लावण्याची चाल होती. आपल्यात दुसरी दुःखे डोंगराएवढी होती, पण तरण्या विधवेला जिवंतपणी मारून ठेवण्याचे हे दुःख आपल्यात नव्हते. १८५६ साली सरकारने विधवाविवाहाचा कायदा केला. कायदा कागदावर राहिला. घरात दीर होता, सासरा होता, पाहुणा होता, पोथी सांगायला येणारा शास्त्री होता. त्यांपैकी कोणाचा तरी हात त्या पोरीवर पडे, तिला दिवस जात, आणि मग मात्र तो हात कोणाचा हे कोणी विचारीत नसे. तिला औषधे पाजली जात. औषधाने भागले नाही तर विहीर होती, नदी होती.

जोतीरावांचे एक ब्राह्मण मित्र होते, सदाशिव बल्लाळ गोवंडे. इनाम कमिशनात नोकरीला होते. त्यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण विधवा स्वयंपाकाला होती. घराणे चांगले, वागणूक सरळ. एका शास्त्र्याने तिला फसविले. दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय केले, ते लागू पडले नाहीत. मूल झाले. लोकांच्या भयाने तिने त्या मुलाच्या गळ्यावर सुरी फिरविली आणि घरामागच्या विहिरीत टाकले. दोन दिवसांनी प्रेत वर आले. पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि काशीबाईला जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्र्याचे काय झाले? काही नाही.

हे सर्व जोतीरावांनी स्वतः लिहून ठेवले आहे. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवर टिपणे काढली, तेव्हा ४ डिसेंबर १८८४ रोजी जोतीरावांनी आपले मत सरकारला कळविले, त्यात ही हकीकत आहे. खटला संपताच त्यांनी आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. साल १८६३.

या नावात आपण थोडे थांबू. नाव आहे बालहत्या प्रतिबंधक गृह. मुलाची हत्या थांबवायची. पण मुलाची हत्या थांबवायची तर आईला वाचवावे लागते, हे या नवराबायकोने ओळखले. रस्त्यावर टाकलेले मूल उचलून आणणारे पुष्कळ असतात आणि ते पुण्यकर्म म्हणून मिरवताही येते. आई तेवढी मागे राहते, तिच्या अंधारात. आपल्या विनयपिटकात जीवकाची कथा आहे. राजगृहाच्या सालवतीचे ते मूल टोपलीत घालून उकिरड्यावर टाकले होते. अभय राजकुमाराने ते पाहिले, उचलून नेले, राजवाड्यातील बायांकडे वाढवायला दिले. तेच मूल पुढे भगवंतांचे वैद्य झाले. अभयाची करुणा थोरच. पण त्याच्या हाती मूल आले ते आईपासून तुटून आले. फुले पतिपत्नींनी एक पाऊल पुढे टाकले. मूल टाकण्याची वेळ येण्याआधी, ते पोटात असतानाच, आईला घरात बोलाविले.

बोलाविले कसे? गुपचूप नव्हे. पुण्याच्या भिंतींवर जाहिराती लावल्या. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे, मूल परत नेताना बरोबर न्यावे किंवा येथेच ठेवावे, ते त्यांच्या मर्जीवर, ठेवलेल्या मुलाची काळजी येथे घेतली जाईल, असा त्यांचा आशय होता. या आशयातले मर्जीवर हे सर्वांत मोठे आहे असे मला वाटते. मूल नेणे किंवा ठेवणे हे आईने ठरवायचे. जिला नेसायचे लुगडे कोणते हे ठरविण्याचा अधिकार नव्हता, जिच्या डोक्यावरचे केससुद्धा दुसरे ठरवीत, तिला एका माळ्याच्या घराने सांगितले की तुझ्या लेकराचे काय करायचे ते तू ठरव. शास्त्रांनी दिले नाही ते या भिंतीवरच्या कागदाने दिले.

लोक खवळले असणारच. एका बाजूने सनातनी म्हणणार, हे व्यभिचाराला उत्तेजन आहे. दुसऱ्या बाजूने आपल्यापैकीही काही जण आजसुद्धा विचारतात, ज्यांनी आपल्या सावलीचा विटाळ मानला त्यांच्या बायकांची बाळंतपणे आपण का करायची? हा प्रश्न मला एका सभेत एका तरुण कार्यकर्त्याने विचारला होता. त्याचा राग खोटा नव्हता. मी त्याला एवढेच विचारले की, त्या बाईने तुझा विटाळ मानला असेल, पण तो मानायला तिला कोणी शिकविले आणि तिला विहिरीत ढकलले कोणी? दोन्ही ठिकाणी हात एकाच व्यवस्थेचा आहे. जोतीराव हे जाणून होते. भट-भिक्षुकशाहीवर त्यांच्याइतके कडक कोणी लिहिले नाही आणि ब्राह्मण विधवेसाठी त्यांच्याइतके दार कोणी उघडले नाही. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत ज्यांना गुरू मानले, ज्यांना १९४६ साली शूद्रांविषयीचा आपला ग्रंथ अर्पण केला, ते उगाच नव्हे.

जोतीरावांनी घर काढले असे आपण म्हणतो, पण घर चालवायचे कोणी? पुरुष आवार देतो, पैसे देतो, जाहिरात लावतो. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर उठायचे बाईने. पाणी तापवायचे, सुईण बोलवायची, धीर द्यायचा, नाळ कापायची, वार पुरायची. बाळंतिणीला अळीव, डिंक, शेक, काढा हे सगळे लागते ते आपल्या आया-बहिणींना सांगायला नको. तेही अशा बाईचे, जिच्या अंगात महिनाभर पाजलेल्या औषधांचे विष आहे, जिला डोळे वर करून कोणाकडे पाहवत नाही, जी ब्राह्मणाच्या घरातून माळ्याच्या घरात आली आहे आणि येथले पाणी प्यावे की नाही या विचारात अजून आहे. तिच्या या सोवळ्यालाही सांभाळून घ्यायचे. घरात आपली माणसे ठेवणे वेगळे, आणि अशी मोडलेली आई व तिचे लेकरू दोघांना एकत्र ठेवणे वेगळे. मूल रडले तर घ्यावेसे वाटते, पण सारखे आपणच घेतले तर आईचा हात त्याच्याकडे जायचा कसा? तिला तिच्या लेकराची भीती वाटत असते. त्या भीतीला वेळ द्यावा लागतो. सावित्रीबाईंना स्वतःचे मूल नव्हते. नातलग जोतीरावांना दुसरी बायको कर म्हणून आग्रह करीत आणि ते साफ नाकारीत. अशा बाईने परक्या बाईच्या पान्ह्याची वाट पाहायची, ही गोष्ट सोपी नाही. मी तर म्हणेन, शेण अंगावर घेण्यापेक्षा अवघड.

आणि सगळी मुले जगली असे समजू नका. व्याख्यानांत ही गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मी मुद्दाम सांगतो. जोतीरावांनी १८८४ च्या त्या टिपणात आकडे दिले आहेत. तोवर ३५ विधवा येथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जिवंत होती. ३० गेली. पोटात असताना आईला पाजलेल्या विषारी औषधांनी त्यांना आधीच मारून ठेवले होते, असे कारण त्यांनी दिले आहे. वीस-एकवीस वर्षांत ३० चिमुकली प्रेते. प्रत्येकाची आई त्याच आवारात. दुसऱ्या कोणी दहा प्रेते पुरल्यावर दार लावून घेतले असते आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. या नवराबायकोने दार लावले नाही. पाच जगली म्हणून नव्हे. पस्तीस आया विहिरीपासून, फासापासून, काळ्या पाण्यापासून वाचल्या म्हणून. १८७५ साली पंढरपुरातही लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने असे गृह निघाले, म्हणजे वाट दुसऱ्यांनाही दिसली. पण फुल्यांची गोष्ट निराळी एवढ्यासाठी, की ती संस्था म्हणजे त्यांचे राहते घर होते. १८६८ साली याच घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला झाला. एकाच आवारात इकडे महार-मांग पाणी भरताहेत आणि तिकडे ब्राह्मण विधवा बाळंतपणाला आली आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

त्याच १८६८ सालची आणखी एक हकीकत. सावित्रीबाई तेव्हा नायगावी माहेरी होत्या. २९ ऑगस्टच्या पत्रात त्यांनी ती जोतीरावांना कळविली आहे. गणेश नावाचा एक ब्राह्मण गावोगाव पंचांग सांगत फिरे. त्याचे आणि शारजा नावाच्या महार मुलीचे प्रेम जमले. तिला सहावा महिना लागला. गावकऱ्यांना कळताच त्यांनी दोघांना पकडले, मारीत मारीत गावातून फिरविले आणि जिवे मारायला निघाले. बातमी लागताच सावित्रीबाई धावत गेल्या. त्यांनी इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला, खुनाचा परिणाम काय होईल ते सांगितले. जमावाचा जोर ओसरला. दोघांनी गाव सोडून जावे यावर तडजोड झाली. सावित्रीबाईंनी त्यांना कोठे पाठविले? पुण्याला, आपल्या घरी, जोतीरावांकडे. येथे आई महाराची आणि बाप ब्राह्मणाचा, म्हणजे मागच्या गोष्टींच्या अगदी उलट. माईंच्या हिशेबात फरक पडला नाही. पोटात लेकरू आहे आणि जीव धोक्यात आहे, एवढे पुरे. आज प्रेमविवाह केलेल्या आपल्या पोरापोरींना गावात मारले जाते त्या बातम्या वाचताना मला हे पत्र आठवते. जमावापुढे एकटी बाई उभी राहिली होती, दीडशे वर्षांपूर्वी.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याच सुमारास एक ब्राह्मण विधवा या घरात आली आणि तिला मुलगा झाला. सावित्रीबाईंनी स्वतः त्याची नाळ कापली आणि जन्मल्या क्षणापासून पोटच्या पोरासारखे वाढविले, हे जोतीरावांनी आपल्या मृत्युपत्रात नमूद केले आहे. १८७४ साली त्यांनी त्याला आपला मुलगा मानले. नाव यशवंत. ३० मुले हातांवर गेलेल्या घरात हे एक तगले, वाढले, शाळेत गेले.

मृत्युपत्राचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. दुसऱ्या जातीतले, विधवेच्या पोटचे मूल दत्तक घेणे धर्मशास्त्राला मान्य नव्हते. जोतीरावांच्या मागे भाऊबंद हक्क सांगायला उभे राहणार हे दिसत होते. म्हणून १८८७ साली त्यांनी मृत्युपत्र करून यशवंताचा वारसा पक्का केला. लेकराला घरात घेणे ही माया झाली. त्याला हक्क देणे हा न्याय. मायेवर थांबणारी घरे आपण पुष्कळ पाहतो. पोरक्या पुतण्याला, भाच्याला घरात घेतात, कपडालत्ता करतात, आणि वाटणीच्या वेळी त्याचे नाव कागदावर नसते.

यशवंताच्या लग्नाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. मुलगा ब्राह्मण विधवेचा, म्हणून मुलगी द्यायला कोणी तयार होईना. सत्यशोधक कार्यकर्ते ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांनी आपली राधा दिली. लग्नाआधीच राधेला सावित्रीबाईंनी घरी राहायला आणले, मुलामुलीची ओळख व्हावी, घराची सवय व्हावी म्हणून. त्या काळी नवरानवरीने एकमेकांचे तोंड अंतरपाट खाली गेल्यावर पाहायचे, तेथे ही सासू सुनेला आधी घर दाखविते आहे! ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने लग्न लागले. भट नाही, हुंडा नाही.

त्याआधी १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका येऊन उजवे अंग लुळे पडले होते. डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निर्वाण झाले. प्रेतयात्रा निघायच्या वेळी जे व्हायचे ते झालेच. टिटवे कोणी धरायचे? यशवंत पुढे झाला तर भाऊबंद आडवे आले. दत्तक पोर, त्यातून असले, त्याचा काय हक्क! टिटवे धरणाऱ्याला वारसा मिळतो, ही त्यामागची खरी गोम. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी स्वतः टिटवे हातात घेतले, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि पतीच्या चितेला अग्नी दिला. बाईमाणसाने स्मशानात जायचे नाही असा काळ. याचे वर्णन सगळेच क्रांती म्हणून करतात आणि ती क्रांती होतीच. मला मात्र त्यात एक आई दिसते. सतरा वर्षांपूर्वी जिची नाळ आपण कापली त्या बाईच्या लेकराला भर लोकांत कोणी उपरा म्हणावे, हे त्या माऊलीला सहन झाले नाही.

पुढे सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनी उचलली. १८९३ च्या सासवड येथील परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्याच होत्या. १८९५ साली राधा गेली. घर पुन्हा रिते झाले. यशवंत मात्र डॉक्टर झाला होता. उकिरड्यावरच्या जीवकाची कथा आणि विहिरीत जाता जाता राहिलेल्या या मुलाची कथा, दोन्ही वैद्यापाशीच येऊन पोहोचतात, हा योगायोग मला नेहमी गंमतीचा वाटतो.

१८९६-९७ साली दुष्काळ पडला आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. लोक रोगी लपवीत, आणि महारवाड्याकडे तर बघायलाच कोणी नव्हते. सावित्रीबाईंनी यशवंताला बोलावून घेतले. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर त्याने दवाखाना घातला. सहासष्ट वर्षांची म्हातारी रोगी गोळा करून आणी आणि लेक औषधपाणी करी. या कामात जिवाला धोका आहे हे डॉक्टरच्या आईला माहीत नव्हते असे थोडेच आहे?

मुंढव्याच्या गावकुसाबाहेर महारवाड्यात बाबाजी गायकवाडांच्या पांडुरंग या मुलाला प्लेगची गाठ आल्याचे त्यांना कळले. गाडी नाही, डोली नाही, हात लावायला माणूस नाही. माईंनी पोराला चादरीत गुंडाळले, पाठीवर घेतले आणि दवाखान्याची वाट धरली. यशवंताने त्याच्यावर उपचार केले. पांडुरंग वाचला. माईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांनी प्राण सोडला. उशाशी यशवंत होता.